राम गोपाल वर्मा की आग

राम गोपाल वर्मा की आग हा इ.स. २००७ साली प्रदर्शित झालेला हिंदी भाषेतील ॲक्शनपट आहे. रमेश सिप्पी यांनी दिग्दर्शित केलेल्या शोले (इ.स. १९७५) या चित्रपटाचे हे पुनर्निर्माण असून त्याचे दिग्दर्शन राम गोपाल वर्मा यांनी केले. अमिताभ बच्चन, मोहनलाल, अजय देवगण, प्रशांत राज, सुश्मिता सेन आणि निशा कोठारी यांच्या यात प्रमुख भूमिका आहेत. ३१ ऑगस्ट २००७ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट समीक्षक व प्रेक्षक या दोहोंनीही नाकारला. अभिजात चित्रपटाच्या अयशस्वी पुनर्निर्मितीचे ठळक उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. मूळ चित्रपटाच्या हक्कधारकांनी केलेल्या दाव्यामुळेही तो चर्चेत राहिला.

मूळ चित्रपट

शोले १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्याची पटकथा व संवाद सलीम-जावेद यांचे, संगीत राहुल देव बर्मन यांचे आणि छायाचित्रण द्वारका दिवेचा यांचे होते. कर्नाटकातील रामनगर येथील खडकाळ टेकड्यांच्या परिसरात कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी ‘रामगढ’ हे गाव उभे केले. संकलक मा. स. शिंदे यांना या चित्रपटासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्या वर्षी शोलेला मिळालेला तो एकमेव फिल्मफेअर पुरस्कार होय.

आरंभी शोलेचेही स्वागत थंडच झाले होते. परंतु प्रेक्षकांच्या तोंडी प्रसिद्धीने चित्र पालटले आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. गाण्यांप्रमाणेच त्यातील संवादांच्या ध्वनिमुद्रिकाही मोठ्या प्रमाणावर खपल्या.

शोलेची कथा सर्वस्वी स्वतंत्र नव्हती. अकिरा कुरोसावा यांचा सेव्हन सामुराई, सर्जिओ लिओने यांचे वेस्टर्नपट आणि मेरा गाँव मेरा देश (इ.स. १९७१) यांसारखे हिंदी डाकूपट यांचा प्रभाव त्यावर स्पष्ट दिसतो. तथापि, हे घटक भारतीय खेड्याच्या जीवनात मिसळून घेतल्यामुळे ते उसने वाटत नाहीत. पुढील पुनर्निर्मितीचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

निर्मिती

सत्या (इ.स. १९९८), कंपनी (इ.स. २००२) आणि सरकार (इ.स. २००५) या चित्रपटांमुळे मुंबईतील गुन्हेगारी जगताचे चित्रण करणारे दिग्दर्शक म्हणून वर्मा यांची ख्याती झाली होती. शोले हा त्यांचा अत्यंत आवडता चित्रपट होता. त्याची कथा आपल्या परिचयाच्या महानगरी वातावरणात नव्याने सांगावी, अशी या चित्रपटामागील कल्पना होती. चित्रपटाचे नाव आरंभी ‘राम गोपाल वर्मा के शोले’ असे ठेवण्यात आले होते. कायदेशीर हरकतीनंतर शीर्षक तसेच पात्रांची व स्थळाची नावे बदलण्यात आली.

मूळ चित्रपटात जयची भूमिका करणारे अमिताभ बच्चन येथे खलनायकाच्या भूमिकेत आहेत. शोलेच्या वेळीही त्यांना गब्बरसिंगची भूमिका करण्याची इच्छा होती. ती भूमिका अखेरीस अमजद खान यांच्याकडे गेली.

कथानक व पात्रे

हीरो आणि राज हे दोन मित्र कामाच्या शोधात नाशिकहून मुंबईत येतात व गुन्हेगारीकडे वळतात. क्रूर टोळीप्रमुख बब्बनने कुटुंबाचा संहार करून हाताची बोटे छाटलेला पोलीस अधिकारी नरसिंहा त्यांना आपल्या सूडाच्या कार्यासाठी हाताशी धरतो. पुढील घटनाक्रम ढोबळमानाने मूळ कथेनुसारच आहे. मूळ व नव्या पात्रांचा मेळ पुढीलप्रमाणे:

- गब्बरसिंग – बब्बन (अमिताभ बच्चन)
- ठाकूर बलदेवसिंग – नरसिंहा (मोहनलाल)
- वीरू – हीरो (अजय देवगण)
- जय – राज (प्रशांत राज)
- बसंती – घुंगरू (निशा कोठारी)
- राधा – दुर्गा (सुश्मिता सेन)
- सांबा – तांबे (सुशांत सिंग)

‘महबूबा’ या गाण्याच्या नव्या आवृत्तीत ऊर्मिला मातोंडकर व अभिषेक बच्चन पाहुणे कलाकार म्हणून दिसतात.

मूळ चित्रपटापासूनचे बदल

सर्वांत मोठा बदल स्थळाचा आहे. रामगढऐवजी कथा मुंबईतील कालीगंज या वस्तीत घडते. शोलेमधील बहुतेक नाट्य गावाच्या एकाकीपणातून निर्माण होते. डोंगरातील टोळी गावाकडून धान्य वसूल करते, कायद्याचे संरक्षण दूर असते आणि गावकऱ्यांना पळून जाण्यास जागा नसते. लक्षावधींच्या शहरात, पोलीस ठाणी व रस्ते हाकेच्या अंतरावर असताना, एखादी वस्ती तशीच कोंडलेली का राहते, याचे समाधानकारक उत्तर नव्या पटकथेतून मिळत नाही. वर्मा यांच्या पूर्वीच्या चित्रपटांतील टोळ्यांना शहराच्या राजकारणाचा व अर्थकारणाचा आधार असे. बब्बनची दहशत मात्र डाकूपटातून उचलून आणल्यासारखी वाटते.

दुसरा बदल ठाकुराच्या अपंगत्वासंबंधीचा आहे. शोलेमध्ये गब्बर ठाकुराचे दोन्ही हात तोडतो. अंगावरील शाल उडून जाते तेव्हा प्रेक्षकाला ही गोष्ट कळते आणि अखेरचा सामना ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी, केवळ पायांच्या बळावर लढतो. म्हणजे भाडोत्री साथीदारांची गरज, रहस्य आणि शेवट हे तिन्ही त्या एकाच घटनेशी बांधलेले आहेत. पुनर्निर्मितीत हातांऐवजी केवळ बोटे छाटल्याचे दाखविल्यामुळे ही गुंफण सैल होते.

बसंतीचा टांगा जाऊन घुंगरूची ऑटोरिक्षा आली. कालानुरूप म्हणून हा बदल तर्कसंगत आहे. परंतु शोलेमध्ये टांगा हे केवळ वाहन नव्हते. पाहुण्यांचे गावात आगमन, बसंतीची बडबड आणि दरोडेखोरांनी केलेला पाठलाग हे सर्व त्याच्याभोवती रचलेले होते. दृश्यशैलीतही असाच फरक आहे. सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर पसरलेला उघडा माळ आणि लख्ख ऊन यांची जागा येथे अंधारलेल्या चौकटींनी व चेहऱ्यांच्या अतिसमीप दृश्यांनी घेतली आहे.

प्रतिसाद

चित्रपटावर अत्यंत प्रतिकूल समीक्षा लिहिल्या गेल्या आणि तिकीटखिडकीवरही तो अयशस्वी ठरला. पटकथा, अंधारे छायाचित्रण, नवोदितांचा अभिनय आणि खलनायकाचे अतिरंजित चित्रण यांवर प्रामुख्याने टीका झाली. पुढे वर्मा यांनी हा चित्रपट आपली चूक असल्याचे मुलाखतींतून मान्य केले.

प्रेक्षकांची पूर्वस्मृती हेही अपयशाचे एक कारण होते. शोलेचे प्रसंग व संवाद मुखोद्गत असलेल्या प्रेक्षकाला पुढे काय होणार याची उत्सुकता उरत नाही. तो केवळ तुलना करतो. अशा वेळी मूळ प्रसंग तसाच ठेवला तर नक्कल वाटते आणि बदलला तर त्या बदलाचे कारण प्रेक्षक शोधू लागतो.

न्यायालयीन वाद

शोलेच्या हक्कधारकांनी शीर्षक, पात्रे व कथा यांच्या वापराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. इ.स. २०१५ मध्ये न्यायालयाने हेतुपुरस्सर स्वामित्वहक्कभंग झाल्याचा निष्कर्ष काढून वर्मा व निर्मात्यांविरुद्ध १० लाख रुपयांची दंडात्मक नुकसानभरपाई मंजूर केली. मूळ कथानक व पात्रांशी असलेले साम्य, तसेच संगीत, गीते व संवाद यांचा वापर न्यायालयाने विचारात घेतला. नावे बदलल्याने कृतीचे मूळ बदलत नाही, हा मुद्दा या निकालामुळे अधोरेखित झाला.

अन्य पुनर्निर्मितींशी तुलना

अमिताभ बच्चन यांच्या इतर चित्रपटांच्या पुनर्निर्मितीला संमिश्र यश लाभले. फरहान अख्तर यांच्या डॉन (इ.स. २००६) या चित्रपटाने मूळ कथेला अखेरीस अनपेक्षित कलाटणी दिली, त्यामुळे जुना चित्रपट पाहिलेल्यांसाठीही उत्सुकता टिकून राहिली. करण मल्होत्रा यांच्या अग्निपथ (इ.स. २०१२) या चित्रपटाने मांडवा हे गाव आणि सूडाचे मूळ सूत्र कायम ठेवून पात्रांची नव्याने मांडणी केली. शिवाय इ.स. १९९०चा मूळ अग्निपथ प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नव्हता, त्यामुळे तुलनेचे ओझेही कमी होते. हे दोन्ही चित्रपट यशस्वी झाले. याउलट सलीम-जावेद यांच्याच लेखणीतून उतरलेल्या जंजीर (इ.स. १९७३) या चित्रपटाचे इ.स. २०१३ मधील पुनर्निर्माण अपयशी ठरले.

शोलेची लोकप्रियता या प्रयत्नानंतरही ओसरली नाही. इ.स. २०१४ मध्ये त्याची त्रिमितीय आवृत्ती प्रदर्शित झाली. इ.स. २०२५ मध्ये, प्रदर्शनाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावा लागलेला मूळ शेवट असलेली पुनर्संचयित प्रत इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली.