देण्याचा हिशेब आपल्याच वहींत असावा

मृग लागण्यापूर्वीं बियाण्याच्या दुकानांपुढें जी गर्दी होते, तींत भावाची घासाघीस पुष्कळ ऐकूं येते. पावती मागणारा आवाज मात्र क्वचितच कानीं पडतो. उधारी दुकानदाराच्या वहींत चढते, आणि कापसाचा पैसा हातीं आला म्हणजे ती वही सांगेल तेवढी रक्कम शेतकरी मोजून देतो. विक्रींत क्विंटलमागें पन्नास रुपये कमी मिळाले तर आपण बाजारांत भांडतों; परंतु देण्यांत हजार रुपये अधिक गेले तर तें आपणांस कळतहि नाहीं. ही गळती थांबविणें बव्हंशीं आपल्याच हातीं आहे, म्हणून या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्याच अनुभवाची एक गोष्ट सांगतों. मागें एका हंगामांत आम्हीं कांहीं शेतकऱ्यांनीं मिळून एका व्यापाऱ्याकडे सोयाबीनच्या बियाण्याचीं साठ पोतीं मागविलीं. पोत्यास तीन हजार रुपये दर ठरला व दहा हजार रुपये विसार म्हणून आधींच दिले. गाडी आली तेव्हां पोतीं चौपन्नच भरलीं. माल उतरून घेणाऱ्या सभासदानें पोंचेच्या कागदावर तसा शेरा मारून गाडीवाल्याची सही घेतली. पुढें बिल आलें तें पुऱ्या साठ पोत्यांचें, १,८०,००० रुपयांचें. त्यांत विसाराची वजावटहि नव्हती. पैसे देणाऱ्यानें पोंचेचा कागद पाहिला नाहीं, आणि पेरणीच्या गडबडींत सर्व रक्कम दिली गेली. वास्तविक देणें १,५२,००० रुपयेच होतें. दिवाळीनंतर हिशेब जुळेना, तेव्हां २८,००० रुपयांची चूक उघडकीस आली. शेऱ्याचा कागद दाखवितांच सहा पोत्यांचे १८,००० रुपये परत मिळाले. विसाराची पावती मात्र कोणीं घेतलीच नव्हती. ते दहा हजार गेले ते गेलेच. व्यापारी अप्रामाणिक होता कीं विसराळू, हें आम्हांस आजहि सांगतां येणार नाहीं. जें लिहिलें होतें तें परत आलें व जें लिहिलें नव्हतें तें बुडालें, एवढें खरें.

तेव्हांपासून आम्हीं जो नियम घालून घेतला तो अगदीं साधा आहे. पैसे देण्यापूर्वीं तीन कागद शेजारीं शेजारीं ठेवावे: आपण काय व कोणत्या दरानें मागविलें याची चिठ्ठी, प्रत्यक्ष काय पोंचलें याची पोंच, आणि बिल. नग, वजन व दर जुळले तरच बिल खरें. न जुळल्यास जेवढें पोंचलें तेवढ्याचेंच देणें मानावें. विसार व परत केलेला माल यांची वजावट आधीं करावी. बिलाचा क्रमांक, तारीख व रक्कम आपल्या वहींत चढवावी, आणि पैसे देतांच मूळ बिलावर तसें लिहून तारीख टाकावी. त्याच बिलाची दुसरी प्रत पुन्हां समोर आली, तर वहींतील क्रमांकच तिला अडवितो. मंडळीचा पैसा असेल तेथें माल घेणारा एक व पैसे देणारा दुसरा असावा. परंतु दोघांनीं एकमेकांचे कागद पाहिल्यावांचून रक्कम हलूं नये. आमची चूक नेमकी येथेंच झाली होती. एकट्या शेतकऱ्याच्या घरीं हें काम शिकलेली मुलगी किंवा सून उत्तम करूं शकते.

पावती रोखीच्या गिऱ्हाइकासच मिळते, अशी कित्येकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. बियाणें नियंत्रण आदेश, १९८३ व खत नियंत्रण आदेश, १९८५ या दोहोंप्रमाणें विक्रेत्यानें रोखीची तशीच उधारीचीहि पावती दिली पाहिजे. तिच्यावरील दर छापील कमाल किमतीशीं ताडून पाहावा. नीमलेपित युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. बीजी-२ कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारनें २०२०-२१ साठीं ७३० रुपये ठरविली होती; २०२५-२६ साठीं ती ९०१ रुपये झाली. तुटवड्याच्या दिवसांत आठ पाकिटांवर प्रत्येकीं शंभर रुपये अधिक दिले, तर युरियाचीं तीन पोतीं हातचीं गेलीं असें समजावें.

दुसरी गळती दरांत लपलेली असते. रोखीनें हजार रुपयांस मिळणारें फवारणीचें औषध सहा महिन्यांच्या उधारीवर साडेअकराशें रुपयांस घेतलें, तर वर्षाच्या मानानें शेंकडा तीस व्याज पडलें. सरकारी सवलतीचें पीककर्ज याहून पुष्कळच स्वस्त पडतें. म्हणून रोखीचा व उधारीचा असे दोन्ही भाव आधीं विचारून लिहून ठेवावे.

हिशेबाची ही शिस्त वर्ध्यास परकी नाहीं. १९३४ सालीं बिहारांत भूकंप झाला, तेव्हां मदतनिधीचे हिशेब विलायतेंत शिकलेले हिशेबतपासनीस जे. सी. कुमारप्पा पाहत होते. गांधीजी व त्यांच्या सोबतची मंडळी तेथें आली असतां त्यांचा खर्च त्या निधीवर टाकण्यास कुमारप्पांनीं नकार दिला. त्याच वर्षीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्याची धुरा मगनवाडींत राहून कुमारप्पांनीं वाहिली. ज्यांना ते पूज्य मानीत त्यांच्यासाठींहि त्यांनीं हिशेब बाजूस सारला नाहीं. मग ओळखीच्या दुकानदारापाशीं पावती मागण्यांत आपण संकोच कां करावा? सचोटीच्या दुकानदारास त्याचा राग येण्याचें कारण नाहीं; लेखी हिशेबानें त्याचाहि वाद टळतो.

वर्धा जिल्हा मध्यप्रांतांत होता, त्या काळीं १९३४ च्याच सावकारी कायद्यानें सावकारास प्रत्येक ऋणकोचा हिशेब ठेवून दरसाल त्याचा लेखी उतारा देणें भाग पाडलें होतें. परंतु उतारा हातीं पडला तरी तो ताडावयाचा कशाशीं? त्यास आपली वहीच हवी. कापसाची पहिली गाडी हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या बाजारांत जाण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें एक सायंकाळ काढावी, या हंगामाच्या पावत्या तारखेवार लावाव्या आणि आपलें देणें आपण स्वतः मोजावें. मग दुकानदाराची वही खुशाल उघडावी.