दुखत नाही, मग फोटो कशाला?

मुकुटबनवरून रेल्वे जाते. रेल्वेची माणसे एक लहानशी ढकलगाडी रुळावरून चालवत नेतात, हे दृश्य तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. रूळ वरून गुळगुळीत दिसतो. पण आत चीर पडलेली असू शकते. ती शोधायला रूळ कापावा लागत नाही. गाडीवरचे यंत्र रुळात ध्वनी सोडते. चिरेवर आपटून तो परत येतो आणि दोषाची जागा सांगतो. हीच युक्ती माणसाच्या शरीरासाठी वापरली, की तिला सोनोग्राफी म्हणतात. आपल्याकडच्या बोलण्यात तो ‘पोटाचा फोटो’.

या दोन यंत्रांचे नाते खरोखरच जवळचे आहे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड 1955 साली बॉयलरच्या एका कारखान्यात गेले. धातूतले दोष शोधण्याचे यंत्र तिथे होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी त्यांनी मोटारीतून बरोबर नेल्या होत्या. घट्ट गाठीचा प्रतिध्वनी वेगळा आणि पाण्याच्या गाठीचा वेगळा, हे त्यांना तिथे दिसले. पुढे एका बाईला जठराचा कर्करोग आहे, आता इलाज नाही, असे सांगण्यात आले होते. डोनाल्डांनी तिच्या पोटावर यंत्र ठेवले, तर निघाली बीजांडकोशाची द्रवाने भरलेली मोठी गाठ! ती काढली आणि बाई वाचली. हे संशोधन 1958 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आता हे घडते कसे, ते पाहू. विहिरीत हाक मारली की ती परत येते. विहीर खोल असेल तर जरा उशिरा येते. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीतला ध्वनी साधारण 20 लाख ते दीड कोटी कंपनांचा, म्हणून तो श्राव्यातीत. शरीरात तो सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने धावतो. दहा सेंटिमीटर आत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा हजारावा भाग किंवा थोडा अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ मोजून यंत्र पडद्यावर एक ठिपका उमटवते. अशा असंख्य ठिपक्यांचे चित्र बनते.

हवा मात्र या ध्वनीची वाट अडवते. म्हणूनच कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये हवा राहू नये यासाठी पोटावर तो थंडगार चिकट लेप लावतात. पित्ताशय पाहायचे असेल तर उपाशीपोटी बोलावतात, कारण जेवल्यावर ते आकसते. गर्भाशय पाहायचे असेल तर पुष्कळदा पाणी प्यायला सांगतात. भरलेले मूत्राशय ध्वनीला आत पाहायची खिडकी देते. पित्तखडे, मूतखडा, यकृताची सूज, पोटात साठलेले पाणी, हृदयाच्या झडपा, असे कितीतरी यात दिसते. हाडाच्या आतले आणि वायूने भरलेल्या आतड्यामागचे मात्र नीट दिसत नाही. तेव्हा ‘फोटोत काही नाही’ म्हणजे आजार नाहीच, असे समजू नये. पुढचे डॉक्टरांना विचारावे.

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी त्याची वहिनी गरोदर होती. तो म्हणाला, “सर, घरचे म्हणतात, पोट दुखत नाही, मग फोटो कशाले? आन् त्यानं लेकराले काही होत नाही नं?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. यात क्ष-किरण नसतात, आणि डॉक्टरांनी गरजेपुरत्या केलेल्या तपासणीने बाळाला इजा झाल्याचे इतक्या वर्षांत आढळलेले नाही. खरा प्रश्न पहिला. रुळाची चीरही दुखत नाही. कधी वार गर्भाशयाच्या तोंडाशी असते. आईला काहीच जाणवत नाही, आणि एके दिवशी न दुखता रक्त जाऊ लागते. पाचव्या महिन्यात वार खाली दिसली तरी पुष्कळदा ती पुढे वर सरकते. म्हणून आठव्या महिन्याच्या सुमारास पुन्हा पाहतात. तेव्हाही खालीच असेल तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवे. मुकुटबनहून वणी त्यातल्या त्यात जवळ. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या पलीकडे. रात्री, पावसात, रक्त जात असताना हे अंतर कापणे आणि आठ दिवस आधी शांतपणे जाऊन राहणे, यात आईच्या जिवाचा फरक आहे. शहराला सोनोग्राफी निदान देते. आपल्याला ती त्याबरोबर वेळही देते.

त्या घरच्यांनी तपासणी केली. वार वर होती. म्हणजे पैसे वाया गेले का? छे! घर निर्धास्त झाले.

याच यंत्राचा दुरुपयोगही आपण पाहिला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने 1988 साली केला. केंद्राचा कायदा 1994 सालचा. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात 1991 साली 946 होती, ती 2011 साली 894 झाली. मुलगा की मुलगी, हे विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे.

सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीची तपासणी मोफत होते. दर महिन्याच्या 9 तारखेला त्यासाठी खास दिवस असतो. पाचवा महिना संपायच्या आत एकदा तरी जावे आणि डॉक्टरांना एवढेच विचारावे: बाळ बरे आहे ना, वार कुठे आहे, आणि बाळंतपण कुठे करू?