सत्तावन्न मिलिमीटरचा पुरावा

पोर्शे ९११ च्या उजव्या कुशीला, दार संपतं तिथे मागे, एक छोटं झाकण दिसलं तर गाडीचं साल विचारायची गरज नाही. ती १९७२ च्या मॉडेलची. आधीच्या वर्षी हे झाकण नव्हतं, पुढच्या वर्षी राहिलं नाही. १९६३ पासून जगाला ठाऊक असलेल्या गाडीच्या अंगावर एकाच वर्षापुरती उमटलेली खूण!

असं कसं झालं? ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं आणि त्याचं तेल तेव्हा इंजिनाखाली न साठता वेगळ्या टाकीत राहायचं. ही टाकी मागच्या चाकाच्या मागे असे. १९७२ साठी इंजिनिअरांनी ती चाकाच्या पुढे आणली, म्हणजे शेपटाकडचं तेवढं ओझं कमी. तेल ओतायचं तोंड मग थेट बाहेरच्या पत्र्यात आलं. कल्पना झकास! पण पंपावरच्या माणसाने काय समजावं? गाडीच्या कुशीला झाकण, म्हणजे पेट्रोलचंच. खरं पेट्रोलचं झाकण होतं डाव्या बाजूला, पुढच्या मडगार्डवर. तेलाच्या टाकीत पेट्रोल जाऊ लागलं आणि १९७३ च्या मॉडेलला टाकी मुकाट जुन्या जागी परतली.

जुन्या गाड्यांचे पारखी म्हणूनच चकाकत्या रंगावर भाळत नाहीत. ते पत्रा वाचतात.

९११ च्या आधीची पोर्शे ३५६ घ्या. तिचे बहुतेक सांगाडे श्टुटगार्टच्या रॉयटर कारखान्यात बनत. (याच रॉयटरच्या नावातून पुढे रेकारो हा आसनांचा ब्रँड निघाला.) दारं आणि झाकणं त्या त्या गाडीला हाताने घासून-ठोकून बसवायची, मग रंगासाठी काढायची. अदलाबदल झाली तर? फटी वाकड्या! म्हणून गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे त्या भागांवर ठोकत. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच. कुणाचं झाकण कुणाच्या पातेल्यावर जायला नको. कामगारांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही खूण. इतक्या वर्षांनी तीच सांगते, की हे बॉनेट याच गाडीबरोबर जन्मलं.

पण मूळ पत्रा टिकतो कुठे? ९११ चं अख्खं कवच जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचं झालं ते १९७६ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाड्यांना गंजाने मनसोक्त खाल्लं. तळ गेले, मडगार्डं गेली, नवे तुकडे जोडले गेले. वर रंग चढला, की ओळखायचं कसं?

इथे खरी गंमत आहे. कारखान्यात दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांत दाबून धरतात आणि त्यातून क्षणभर प्रचंड वीज सोडतात. तेवढ्याच जागी पोलाद वितळून एकजीव होतं आणि मागे उरतो एक उथळ गोल खळगा. असे खळगे ओळीने पडत जातात. दुरुस्तीच्या गॅरेजात मात्र बहुतेकदा पत्र्याला भोक पाडून ते वेल्डिंगने भरतात आणि घासून सपाट करतात. म्हणून पारखी दाराचं रबर अलगद उचलून आत बोट फिरवतो. खळगे लागले, तर चेहरा खुलतो. सगळं गुळगुळीत लागलं, तर शंका! सुबकपणावर संशय घ्यावा लागणारा असा धंदा दुसरा मला तरी माहीत नाही.

नक्कल सगळ्यात जास्त होते ती १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ ची. शर्यतींच्या मान्यतेसाठी ५०० गाड्या पुरे होत्या, बनल्या १,५८०. तिची ओळख म्हणजे मागच्या झाकणावर उचललेली बदकाची शेपटी. पण ती शेपटी आज कुणालाही विकत मिळते. सुरुवातीच्या आरएसमध्ये वजन वाचवायला वापरलेला पातळ पत्रा मात्र नंतर चढवता येत नाही.

आता माझा सगळ्यात लाडका पुरावा. सुरुवातीच्या ९११ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर होतं २,२११ मिलिमीटर. मागे जड इंजिन असल्याने वळणावर शेपूट घसरायचं. १९६९ च्या मॉडेलसाठी उपाय काय केला? इंजिन जागचं हललं नाही. मागची चाकंच ५७ मिलिमीटर मागे नेली! चाकांना फिरवणारे दांडे त्यासाठी तिरपे झाले. दारं तीच, छप्पर तेच, बदलली फक्त मागच्या चाकावरची कमान.

जुन्या ९११ चा फोटो समोर आला, तर मागच्या चाकाच्या किंचित पुढे, खालच्या बाजूला एक गोल टोपण शोधा. त्याच्या आत सस्पेन्शनची पीळ घेणारी दांडी असते. टोपण कमानीला जवळजवळ चिकटलेलं असेल, तर गाडी १९६८ किंवा त्याआधीची. मध्ये दोन-तीन बोटं मोकळी जागा असेल, तर नंतरची, मग मालक काहीही सांगो.