उचल आणि हक्क

वसईच्या वाडीवाल्याला ‘उचल’ म्हणजे काय हे सांगावयास नको. व्यापारी आगाऊ पैसे देतो आणि माल गेल्यावर वळते करून घेतो. व्हिडिओ गेमच्या धंद्यातही बहुधा असेच चालते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली ‘सुपर डॉट कॉम’ या प्रकाशकातर्फे बाहेर पडला. असा खेळ पुरा व्हावयास वर्षे लागतात. तोवर पगार कोठून द्यावयाचे? म्हणून लहान मंडळी प्रकाशकाकडे जातात.

समजा, उचल १ कोटी आणि निर्मात्याचा वाटा ३० टक्के. उचल एकूण उत्पन्नातून फिटावयाची असेल, तर १ कोटी जमताच वाटा सुरू होतो. पण ती निर्मात्याच्याच वाट्यातून फिटावयाची असेल, तर सुमारे ३ कोटी ३३ लाख जमेपर्यंत त्याला एक पैसाही मिळत नाही. टक्का मात्र तोच!

दुसरी गोष्ट हक्कांची. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमलाही लागू आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच गेले, असे कलम १९ मानते. परंतु ‘कायमचे, जगभर’ असे लिहून सही केली, की हा आधार उरत नाही.

तेव्हा विरार-नालासोपाऱ्याच्या एखाद्या मुलाने असा करार घरी आणला, तर ‘किती टक्के?’ एवढ्यावर थांबू नये. उचल कोणाच्या वाट्यातून फिटणार आणि हक्क परत केव्हा येणार, हे सहीपूर्वी विचारावे.