खाडीच्या गाळातील किडा

तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई लावल्यावाचून त्यात ताक किंवा आमटी ठेवू नये, हे आपल्या घरांतून कोणाला शिकवावे लागत नसे. तांबे उपयोगाचे खरे, पण पोटात जास्त गेले तर ते विषच.

हे तांबे आणि कल्हईचे कथील, दोन्ही इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये शतकानुशतके खणले गेले. तेथील खाणींचे पाणी कार्नन नदीतून रेस्ट्रॉन्गेट खाडीत उतरे. तांबे, जस्त, सोमल गाळात साचत गेले. अशा गाळात जीव तगावा कसा? परंतु रॅगवर्म नावाचा, आपल्या गांडुळाच्या गोतातला एक किडा तेथे बिळे करून नांदतो. ब्रायन व हमरस्टोन या प्लिमथच्या संशोधकांनी १९७१ साली दाखवून दिले, की त्याच्या अंगात तांबे भरपूर साठते, आणि स्वच्छ खाडीतील त्याचे भाऊबंद ज्या तांब्याने दगावतात ते तो सोसतो.

आम्हांला अधिक नवल वाटते ते त्याच्या बिळाचे. खोलचा काळा गाळ प्राणवायूवाचून असतो. तेथे धातू गंधकाशी जखडलेले राहतात. किडा श्वासासाठी अंग लाटेसारखे हलवून वरचे पाणी बिळात ओढतो. त्याबरोबर प्राणवायू आत शिरतो, गंधकाची मिठी सैल होते आणि सुटलेले धातू पाण्याबरोबर वर येऊ लागतात. पण त्याच वेळी बिळाच्या भिंतींवर लोखंडाचा तांबूस गंज धरतो व सुटलेल्यांपैकी काहींना पुन्हा पकडतो! सोडणे जास्त की धरणे जास्त, हे धातूवर, गाळावर आणि किड्यांच्या दाटीवर ठरते. म्हणूनच ‘विष तळाशी बसले, आता चिंता मिटली’ असे कोणी म्हटले, तर ते आम्हांला पटत नाही.

शिवाय हा किडा मासे खातात, चिखलात चोच खुपसणारे पक्षीही खातात. त्याने सोसलेले तांबे असे पुढच्याच्या पोटात जाते.

जानेवारी १९९२ मध्ये तेथील व्हील जेन या बंद पडलेल्या खाणीतले पाणी एकाएकी फुटून बाहेर आले आणि नदीपासून खाडीपर्यंत सारे नारिंगी झाले. पुढे खाणीच्या पाण्यात चुना मिसळून धातू वेगळे काढण्याची व्यवस्था झाली. नव्या पाण्याचा बंदोबस्त असा झाला. जुना गाळ मात्र खाडीतच आहे, आणि त्यात किड्याची बिळेही.