वातावरणाचा जमाखर्च : लेखांक सातवा – भातखाचरांची प्रतबंदी

गेल्या लेखांकात गुरांच्या पोटातून सुटणाऱ्या मिथेनचा विचार झाला. आज त्याच वायूच्या दुसऱ्या उगमाकडे, म्हणजे चिखलणी करून पाण्याखाली ठेवलेल्या भातखाचराकडे, वळावयाचे आहे. आणि त्यासाठी दापोली तालुक्यातील बुरोंडीचा परिसर निवडण्याचे कारण असे की, जांभ्याच्या सड्याखालील उतारावर वरकस, दोन टेकाडांमधील सखल भागात भाताची खाचरे आणि किनाऱ्याने थोडे पुढे गेल्यास खाडीकाठच्या खार जमिनी, असे भूमीचे तीन भिन्न स्वभाव येथे फार दूर न जाता पाहावयास मिळतात. सड्यावरचा परशुरामाचा पुतळा पाहून परतणाऱ्या प्रवाशांचे लक्ष त्यांकडे सहसा जात नाही, ही गोष्ट अलाहिदा.

खाचरात पाणी साचले की मातीतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो, आणि तेथील सूक्ष्मजीव श्वसनासाठी प्रथम नायट्रेटकडे, मग मँगॅनीजकडे, मग लोहाकडे आणि त्यानंतर सल्फेटकडे वळतात. हा सारा साठा सरत आला म्हणजेच मिथेन निर्माण करणाऱ्या जीवांचा अंमल सुरू होतो, आणि त्यांनी केलेल्या वायूचा बहुतांश भाग भाताच्या काडीतील पोकळ्यांतून वर येऊन वातावरणात मिसळतो. आता जांभ्याची माती तांबडी दिसते ती लोहाच्या ऑक्साइडांमुळे, आणि खार जमिनीत समुद्राच्या पाण्याने सल्फेट आणून ठेवलेले असते. अर्थात या दोन्ही ठिकाणी मिथेनची निर्मिती लांबावी किंवा घटावी, असे शास्त्र सांगते. त्यातच कोकणचा पाऊस असा की, बांधावरून बांधावर पाणी सतत वाहते राहते आणि प्रवाहाबरोबर थोडाफार प्राणवायूही खाचरात उतरतो. परंतु किती लांबते आणि किती घटते, हे तर्काने ठरत नाही. ते मोजावेच लागते.

मोजणीवाचून काय होते, याचा धडा आपल्या देशास एकदा मिळालेला आहे. भारतातील भातशेतीतून दरसाल सुमारे ३७८ लक्ष टन मिथेन सुटतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने बांधला होता. १९९१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने आणि ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशभर प्रत्यक्ष शेतांत मोजमापे घेण्यात आली, तेव्हा हा आकडा ४० लक्ष टनांच्या आसपास असल्याचे दिसून आले. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींच्या मेजावर या फरकाचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको.

तथापि देशाची सरासरी म्हणजे बुरोंडीचे खाचर नव्हे. हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या २००६ सालच्या मार्गदर्शिकेत, स्थानिक माहिती नसल्यास, सतत पाण्याखाली असलेल्या व सेंद्रिय खत न घातलेल्या भातासाठी हेक्टरी दररोज १.३० किलो मिथेन धरावा, असा सरसकट दर आहे. याउलट इंदापूर तालुक्यात १८३५ साली गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमीनमहसुलासाठी ज्या पद्धतीची पैमाश सुरू केली, तिच्यात मातीची खोली, रंग आणि दोष पाहून शेताची प्रत ठरे आणि सारा त्या प्रतीप्रमाणे बसे. वायूंच्या हिशेबात अशी प्रतबंदी अद्याप अपुरी आहे, आणि माझ्या मते डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास कोकणात जे काम हाक मारीत आहे ते हेच.

काम दिसावयास साधे आहे. चिखलात रोवलेल्या अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या खाचेत पाणी भरून तिच्यावर पारदर्शक अॅक्रिलिकची पेटी चार-सहा चुडांवर झाकावयाची, आतील छोटा पंखा चालू करावयाचा, आणि ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ आरंभी, पंधरा मिनिटांनी व अर्ध्या तासाने, सुईच्या पिचकारीने हवा ओढून घ्यावयाची. पुढे प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफवर तिच्यातील मिथेन व नायट्रस ऑक्साइड तपासावयाचे. मात्र पेटीपर्यंत जाण्यास आधी फळी टाकलेली असली पाहिजे. थेट चिखलात पाय पडला तर दाबाने बुडबुडे सुटतात आणि त्या दिवसाचा आकडा शेताचा न राहता संशोधकाच्या टाचेचा होतो. आषाढातल्या वाऱ्यात पेटी धरून ठेवणे हाही या विद्येचा एक भाग आहे.

प्रश्नांचा तर येथे तोटा नाही. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचतात. पाल्यातील कर्बामुळे मिथेन वाढण्याचा संभव आणि खोल खोचलेल्या नत्रामुळे नायट्रस ऑक्साइड घटण्याचा संभव, यांची वजाबाकी कोकणच्या मातीत कोणत्या बाजूला पडते? शंभर वर्षांच्या हिशेबात नायट्रस ऑक्साइडचा किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतका तापदायक आणि मिथेनचा सुमारे २७ किलोंइतका; तेव्हा अल्प फरकही उपेक्षणीय नाही. रोपवाटिकेसाठी कवळ आणि शेण जाळून राब भाजण्याची चाल हा दुसरा विषय, आणि त्यात हिशेबाइतकाच शेतकऱ्याच्या तणनियंत्रणाचा विचार करावा लागेल. शहरात बसून राबास नावे ठेवणे सोपे आहे.

सोयींविषयी थोडक्यात. १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ दापोलीसच आहे, मृदाशास्त्र व कृषिविद्या या विषयांत तेथे पीएच.डी. करता येते, आणि पनवेलचे खार जमीन संशोधन केंद्र त्याच्याच अखत्यारीत आहे. प्रवेश महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होतो; भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतंत्र परीक्षा आहे, आणि बार्टी, सारथी व महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या पात्रतेप्रमाणे मिळतात. मनोरे उभारून वाऱ्याच्या भोवऱ्यांवरून वायूंची देवघेव मोजणारी पद्धत शिकावयाची असल्यास पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेकडे पाहावे. पदवीच्या मुदतीत पावसाळे मोजकेच येतात, म्हणून चौकटी, पेट्या आणि शेतमालकाची लेखी संमती ही सारी तजवीज मृगापूर्वीच झालेली बरी. लावणी झाल्यावर चौकट रोवू गेल्यास रोपे उपटावी लागतात, आणि मग शेतमालक पुढल्या वर्षी बांधावर उभे करीत नाही.