पोराला परदेशी पैसे पाठवताना

मागच्या बैठकीत अंजनगावातल्या आपल्या एका ताईने विचारलं, "पोरगं जर्मनीत शिकाले चाललं. त्याले पैसे कसे धाडाचे? किराणावाल्याले मोबाईलवरून देतो, तसेच जातात काय?"

तसे जात नाहीत. किराणावाल्याला दिलेले रुपये हे रुपयेच राहतात. परदेशी जाताना त्यांचे आधी युरो किंवा डॉलर करावे लागतात. तो परवाना प्रत्येक बँकेला नसतो. म्हणून आधी आपल्या शाखेत विचारा, "इथून परदेशी पैसे पाठवता येतात का?" परदेशातून पैसे आणून देणारी 'मनी ट्रान्सफर'ची पाटी पोस्टात दिसते. पण त्या सोयीतून पैसे फक्त येतात, जात नाहीत.

परवाना असलेल्या बऱ्याच बँकांच्या नेट बँकिंगवरूनही हे काम होतं. पॅन कार्ड लागतं. 'ए-२' नावाच्या अर्जात पैसे कशासाठी जाताहेत ते लिहावं लागतं. सोबत कॉलेजचं पत्र ठेवा. मग पोराचं बँकेतलं नाव, स्विफ्ट कोड आणि आयबॅन, म्हणजे खाते क्रमांक. जर्मनीचा आयबॅन २२ अक्षर-अंकांचा असतो आणि 'डीई'ने सुरू होतो. बटण दाबण्याआधी तो पोराला फोनवर वाचून दाखवा. एक आकडा चुकला तर पैसे अडकतात.

आता खर्च. "आमची फी शून्य" ऐकून भुलू नका. समजा बाजारात युरो १०० रुपयांना आहे आणि बँक १०२ लावते. १,००० युरोमागे २,००० रुपये तिथेच गेले. म्हणून दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा, "तिकडे पूर्ण १,००० युरो पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?"

जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो झाला. शंभरच्या भावाने ते जवळजवळ १२ लाख रुपये होतात. इथे टीसीएस येतो. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत तो लागत नाही, त्यावरच्या रकमेवर लागतो. मान्य संस्थेच्या शिक्षणकर्जातून पैसे गेले तर लागत नाही. कापलेला टीसीएस बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरून हिशोबात धरता येतो. आणि ही मर्यादा दर माणसामागे आहे. बापाची वेगळी, आईची वेगळी. म्हणून आपल्या नावाचं खातं आणि पॅन कार्ड हवंच.

शेवटी सावधगिरी. "तुम्हाला परदेशी लॉटरी लागली, आधी फी पाठवा" असा फोन आला तर तो ठकच समजा. लॉटरीसाठी परदेशी पैसे पाठवायला आपल्या कायद्यात मुळात बंदीच आहे. "इकडे रोख द्या, तिकडे मिळतील" म्हणणारा हवालावाला. तोही बेकायदा, आणि त्याची पावती नसते. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे दूर.

ताई पुढच्या बैठकीत बँकेचे कागद आणणार आहेत. तुमच्याही घरी असे कागद असतील तर घेऊन या, मिळून वाचू.